बसऱ्याला गेलेले पणजोबा: सातारा-सांगलीच्या महायुद्धातल्या जवानांची कबर, नाव आणि खूण कुठे शोधायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी खटाव तालुक्यातल्या एका गावचा. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले. त्यांचा माग काढता काढता शेजारपाजारच्या गावांतली माणसंही आपापल्या घरातल्या जवानाबद्दल विचारायला येऊ लागली. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

‘पणजोबा बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत’, एवढंच आमच्या घरात माहीत आहे. सुरुवात कुठून करायची?

घरातूनच. माळ्यावरची पेटी, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, आजीची ट्रंक आधी बघा. दोन वस्तू मिळाल्या तर अर्धं काम झालं म्हणून समजा.

पहिली वस्तू म्हणजे मेडल. पहिल्या महायुद्धातलं चांदीचं वॉर मेडल आणि पितळी दिसणारं व्हिक्टरी मेडल, या दोन्हींच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या कडेवर रेघा असतात त्या जागी, जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लोक मेडलचा दर्शनी भाग बघतात, कड कोणी बघत नाही. उन्हात धरा, भिंग लावा आणि सावकाश फिरवत वाचा. आणि हात जोडून सांगतो, चिंच, लिंबू, राख लावून घासू नका. आमच्या घरातलं मेडल दर दिवाळीला राखेने लख्ख केलं जायचं. मी कड वाचायला घेतली तेव्हा नंबरातले तीनच आकडे उरले होते आणि पुढे ‘१०३’ एवढं लागलं. त्यावरून १०३ मराठा पलटण कळली आणि पुढची वाट सापडली. आणखी दहा-वीस दिवाळ्या गेल्या असत्या तर तेही गेलं असतं.

दुसरी वस्तू म्हणजे काशाची गोल थाळी. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची, वर एक उभी बाई, तिच्याजवळ सिंह, आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत जवानाचं नाव. ही मेलेल्या जवानाच्या घरी पाठवली जायची. तिच्यावर हुद्दा लिहिलेला नसतो, कारण मरणात सगळे सारखे मानायचे असं ठरलं होतं. बऱ्याच घरांत ती काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. माण तालुक्यात एका आजींनी ती लाल फडक्यातून काढून माझ्यापुढे ठेवली. सिंहावर हळद-कुंकवाचा थर होता. देवी समजून तीन पिढ्यांनी तिची पूजा केली होती. आम्ही ओल्या फडक्याने अलगद कुंकू पुसलं आणि खाली त्यांच्या सासऱ्यांच्या चुलत्यांचं नाव निघालं. आजींनी ते नाव मोठ्याने म्हटलं आणि थाळी परत देव्हाऱ्यातच ठेवली. तिची जागा तीच आहे, मलाही तसंच वाटलं.

‘बसरा’ म्हणजे नक्की कुठे?

आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात बसरा म्हणजे आजचा सगळा इराक. फौज जहाजाने बसऱ्याला उतरायची, म्हणून तेच नाव तोंडी राहिलं. प्रत्यक्षात माणूस कूतला, अमारात, बगदादच्या वाटेवर किंवा तुर्कांच्या कैदेत गेलेला असू शकतो.

यातलं कूत सातारा-सांगलीच्या माणसाने माहीत करून घ्यावंच असं आहे. टायग्रिस नदीच्या वळणातलं हे गाव. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी तिथे वेढा घातला. आत अडकलेल्या इंग्रजांच्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. सोडवायला आलेल्या फौजेने जानेवारी ते एप्रिल एकामागून एक हल्ले केले, सुमारे २३,००० माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, पण वेढा तुटला नाही. आत धान्य संपत आलं. शेवटी शेवटी दिवसाला मूठभर पीठ मिळायचं. घोड्यांचं मांस होतं, पण धर्माला धरून आपल्या बहुतेक जवानांनी ते कितीतरी आठवडे नाकारलं आणि हिरड्या सुजून, अशक्तपणाने माणसं पडू लागली. २९ एप्रिल १९१६ ला फौजेने शस्त्रं ठेवली. जवळजवळ १३,००० माणसं कैदेत गेली. त्यांना वाळवंटातून चालवत उत्तरेला नेलं, अनेकांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनच्या रेल्वेकामाला जुंपलं. वाटेत किती जण पडले आणि कुठे पडले, याचा हिशेब कधीच पुरता लागला नाही.

म्हणून मृत्यूची तारीख एप्रिल १९१६ नंतरची असेल आणि पलटण या तिघांपैकी असेल, तर आपला माणूस कैदेत गेला असावा, अशी शंका आधी घ्यावी.

त्यांची कबर असेल का? हिंदू जवानांना पुरायचे का?

जमेल तिथे हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला जायचा आणि मुसलमान जवानांचं दफन व्हायचं. इंग्लंडमधल्या ब्रायटनजवळच्या टेकडीवर, फ्रान्सच्या आघाडीवरून आणलेले आणि तिथल्या इस्पितळात वारलेले ५३ हिंदू आणि शीख जवान दहन झाले. त्या जागी १९२१ पासून संगमरवरी छत्री उभी आहे. पण लढाई चालू असताना लाकूड कुठून आणणार? इराकातल्या वाळवंटात तर झाड दिसणंही मुश्कील. तेव्हा जो जिथे पडला तिथेच त्याला माती दिली गेली.

टायग्रिसच्या डाव्या तीरावर अमारा इथे हिंदी फौजेची एक दफनभूमी आहे. तिथे सुमारे ५,००० जवान आहेत. त्यातल्या फक्त ९ जणांची नावं माहीत आहेत. लष्कराने दफनाच्या नोंदीच नीट ठेवल्या नाहीत. त्याच गावाजवळ मुख्य युद्ध दफनभूमीही आहे. तिथले दगड मातीतल्या क्षारांनी झिजायला लागले म्हणून १९३३ मध्ये काढले, पण नावं भिंतीवर कोरून ठेवली. आपल्या पाच हजारांची नावं कोरायची म्हटलं तरी कुणाकडे नव्हती.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गावाची वस्ती अडीच हजारांची. म्हणजे आमच्यासारखी दोन आख्खी गावं, आणि नावाने हाक मारता येईल असे नऊ जण.

पण बसऱ्याला मोठं स्मारक आहे ना? त्यावर नाव असेलच की!

स्मारक आहे, आणि त्यावर ४०,५०० हून जास्त जणांची आठवण जपल्याचं सांगितलं जातं. १९२९ मध्ये ते बसऱ्याच्या धक्क्यावर उघडलं. १९९७ मध्ये इराक सरकारने ते तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब नेऊन उभं केलं.

तुमचे पणजोबा शिपाई, नाईक किंवा हवालदार असतील तर मात्र त्या भिंतीवर त्यांचं नाव नाही. गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची आहेत. आपल्या साध्या जवानांचा पलटणीवार नुसता आकडा आहे: अमुक पलटणीचे आणखी इतके. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर, जे १९२७ मध्ये उघडलं, ४,७०० हून जास्त हिंदी जवान आणि मजूर नावानिशी आहेत. म्हणजे नावं कोरणं जमत होतं. इराकात ते केलं नाही.

ही दफनभूमी आणि स्मारकं सांभाळणारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७ साली स्थापन झाली तीच हुद्दा, वर्ण, धर्म असा भेद करणार नाही म्हणून. एप्रिल २०२१ मध्ये त्या संस्थेने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि माफी मागितली. आफ्रिका आणि आशियातल्या ४५,००० ते ५४,००० जणांचं स्मरण असमान रीतीने झालं आणि किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंद झाली नाही किंवा अजिबातच झाली नाही, असं त्यात मान्य केलं आहे. माफी उशिरा आली, तरी ती मोलाची आहे. आता पुरावा घेऊन गेलं तर दार उघडं आहे.

मग नाव मिळेल तरी कुठे?

दगडावर नसलं तरी नोंदवहीत बऱ्याच जणांचं आहे. कमिशनच्या वेबसाइटवर मृतांचा शोध फुकट घेता येतो. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना वारलेले सगळे त्यात येतात. म्हणजे लढाई थांबल्यावर तापाने गेलेला जवानसुद्धा.

खरा त्रास स्पेलिंगचा. कारकून गोरा किंवा परप्रांतीय, आणि नाव सांगणारा निरक्षर, त्यामुळे कानाला जे वाटलं ते कागदावर उतरलं. जाधव शोधताना शेवटी व्ही, डब्ल्यू आणि ओ तिन्ही लावून बघा. शिंदे बहुतेकदा नुसत्या एसने सुरू होतो, एच गायब. चव्हाणातला मधला एच नसतो. पवारात व्हीही सापडतो आणि डब्ल्यूही. पुष्कळदा नाव आणि आडनाव दोन्ही मिळून आडनावाच्याच रकान्यात टाकलेली असतात, म्हणून ‘गणपत’ आडनावाच्या जागी टाकूनही बघा. तरी नाही मिळालं तर नाव सोडून द्या. पलटण, साल आणि ‘हिंदी फौज’ एवढंच निवडा आणि सगळी यादी डोळ्याखालून घाला. यादी मोठी असते, पण दोन संध्याकाळींत होते. बरोबर नोंद सापडली की तिच्यात पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, गाव अमुक, सातारा’ असं लिहिलेलं आढळतं. गावाचं स्पेलिंगही मोडकंतोडकंच असतं, तेव्हा ते मोठ्याने वाचा. डोळ्याला न ओळखू येणारं गाव कानाला लगेच ओळखू येतं.

नोंदीसोबत स्मरणपत्र उतरवून घेता येतं. ते छापून घरात लावा.

आम्ही सांगलीचे. ‘सांगली जिल्हा’ टाकला तर काहीच येत नाही.

येणार नाही, कारण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर या भागातला जवान ‘सातारा’ म्हणूनच नोंदला जायचा. पलूसकरांनी तासगाव आणि कडेगावकरांनी खानापूर बघावं, हे दोन्ही तालुके मागाहून वेगळे झाले. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती, त्यामुळे तिथल्या माणसापुढे संस्थानाचं नाव असू शकतं. आटपाडी औंध संस्थानात होती. साताऱ्याच्या बाजूला फलटणचंही तसंच.

फक्त मराठा पलटणीतलेच गेले होते का?

मुळीच नाही, आणि या समजापायी बरीच घरं शोधच घेत नाहीत. १८९० च्या दशकात महार जवानांची भरती इंग्रजांनी बंद केली होती. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर मोडून टाकली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे पूल-रस्ते-खंदक बांधणाऱ्या पलटणीत, मराठी माणसं होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये नव्ह-शापेलला त्यांच्या दोन कंपन्यांची अक्षरशः वाताहत झाली. त्याशिवाय खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, मजूर, डोलीवाले होते. यांना ‘फॉलोअर’ म्हणत आणि त्यांचं वॉर मेडल चांदीऐवजी काशाचं असायचं. तुमच्या घरातलं मेडल काशाचं निघालं तर ते खोटं आहे असं कुणी सांगेल. ऐकू नका. कड वाचा.

दुसऱ्या महायुद्धातले जवान कुठे शोधायचे?

या वेळच्या नोंदी पुष्कळ बऱ्या आहेत. घरात ऐकलेल्या देशावरून अंदाज बांधा.

‘आफ्रिकेत गेले’ असं ऐकलं असेल आणि साल १९४१ असेल तर केरेन बघा. आजच्या इरिट्रियातले हे डोंगर फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये मराठा बटालियनांनी इटालियन फौजेशी लढून घेतले. तिथे दफनभूमी आहे आणि शेजारी २८५ हिंदू व शीख जवानांचं दहन स्मारक. १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा दुसरी मराठा बटालियन कैद झाली. इटलीत सांग्रो नदीजवळ आणि फोर्ली इथे दहन स्मारकं आहेत, आणि ज्यांचा देहच सापडला नाही त्यांची नावं कासिनोच्या स्मारकावर. नाईक यशवंत घाडगे यांचं नावही तिथेच आहे. रायगडचे हे जवान १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनची चौकी घेऊन गेले आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या या माणसालाही कबर नाही.

‘ब्रह्मदेश’ असं ऐकलं असेल तर रंगूनइतकंच इंफाळही बघा. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला चौथी मराठा बटालियन लढली. इंफाळची हिंदी फौजेची दफनभूमी आणि दहन स्मारक आपल्याच देशात आहेत. पासपोर्ट लागत नाही, तरी जाणारे फार थोडे.

खडकीच्या युद्ध दफनभूमीत आपले जवान आहेत का?

खडकीत मुळा रस्त्याला, होळकर पुलाजवळ ही जागा आहे. साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, म्हणून मी सगळ्यांना जा म्हणतो. मात्र पणजोबांची कबर तिथे मिळेल अशी आशा धरू नका. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी, जिथे कायमची निगा राखता येणार नव्हती अशा जागी असलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी इथे एकत्र आणल्या. त्या १,६६८ आहेत. शिवाय पहिल्या महायुद्धात भारतात वारलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावं स्मारकावर आहेत, त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून आणले. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ जवानांचीही आठवण तिथे आहे.

तरी जा म्हणतो ते अशासाठी: त्या आफ्रिकन जवानांच्या गावीही कुणीतरी ‘हिंदुस्थानात गेला तो आलाच नाही’ एवढंच सांगत असेल. मी तिथे गेलो की त्या नावांपुढे दोन फुलं ठेवतो. अमारात आमच्या पणजोबांसाठी एखाद्या इराकी माणसाने तेवढं केलं असावं, असं मनात येतं.

दिल्लीला नाव असेल का?

राष्ट्रीय समर स्मारकावर नाही, तिथे स्वातंत्र्यानंतरचे हुतात्मे आहेत. इंडिया गेटवर १३,००० हून जास्त नावं आहेत, ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची.

आमच्या देवळाजवळ लढाई कोरलेला दगड आहे. ती सैनिकाची कबर आहे का?

तो वीरगळ. महायुद्धाच्या कितीतरी शतकं आधीचा. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं सोडवण्याचा प्रसंग, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर कलश, सूर्य-चंद्र. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळ ते रांगेने उभे आहेत, एकदा बघून या. खाली देह नसतो आणि बहुतेकांवर नावही नसतं. पण गावाने आपल्या माणसासाठी दगड उभा केला आणि तो गावातच केला. कृपा करून त्यांवर तैलरंग फासू नका आणि कपडे धुवायला वापरू नका.

अपशिंगेला ‘मिलिटरी’ का म्हणतात?

पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या या एका गावाचे ४६ जवान कामी आले. इंग्रजांनी तिथे स्मारक उभारलं आणि गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ झालं. आजही घरटी एक माणूस फौजेत, असं गाव अभिमानाने सांगतं. तुमच्याही गावच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत ‘या गावातून इतके गेले, इतके वारले’ अशी इंग्रजी पाटी चुन्याखाली दडलेली असू शकते. रंगारी बोलावण्याआधी भिंतीवरून हात फिरवा.

ते इंग्रजांसाठी लढले. त्यांची आठवण कशाला?

हा प्रश्न तरुण मुलं विचारतात, आणि विचारायलाच हवा. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. त्याच काळात खटाव-माणचीच पोरं इंग्रजांच्या फौजेत आफ्रिकेत होती. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं तेव्हा वाळव्याची पोरं इटलीत लढत होती. एकाच भावकीत दोन्ही असायचे.

माणदेशात पाऊस पडत नाही. पहिल्या महायुद्धात भरतीवाला आला तेव्हा घरात जोंधळा नव्हता. जो गेला तो पगाराच्या मनिऑर्डरीसाठी गेला, पलटणीच्या इभ्रतीसाठी लढला आणि शेजारच्या खंदकातल्या आपल्याच गाववाल्याला सोडून आला नाही. त्याने साम्राज्य निवडलं नव्हतं. हुतात्मा स्मारकापुढे आम्ही मान झुकवतोच. तेवढ्यासाठी घरातल्या मेलेल्या माणसाचं नाव विसरायचं, हे मला पटत नाही.

अस्थी किंवा माती गावी आणता येईल का?

अवशेष मायदेशी पाठवत नाहीत, तो नियम पहिल्या महायुद्धापासून सगळ्यांना सारखा आहे. फुलं नेता येतात, फोटो काढता येतो.

गावात पाटी बसवायची आहे. काय लिहावं?

नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण. मराठीत. विशेषणं नकोत. ग्रामसभेत ठराव घ्या, सगळ्या वस्त्यांवरून चौकशी करा, कुणाचं नाव राहिलं असं नको. नोंद मिळाली नसेल पण घरात मेडल असेल तर तेवढ्या पुराव्यावर नाव घाला. आणि पाटीवर खाली जागा मोकळी ठेवा.

आमच्या गावच्या पाटीवर आम्ही सात नावं कोरली. उद्घाटनाला आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी घरी जाऊन काशाचं मेडल आणलं. आठवं नाव दुसऱ्या आठवड्यात कोरलं.